पुरे म्हणणारे कोणीतरी

आमच्या घरातला चकलीचा सोऱ्या पितळेचा आहे. तो माझ्या आईला तिच्या आईने दिला, आणि आईने तो सौ.च्या स्वाधीन केला. देताना आई म्हणाली होती, "याला दोन मनगटे लागतात बरं का. एक फिरवायला आणि एक धरायला." गेली वीस वर्षे ही दोन्ही मनगटे सौ.चीच होती. माझा चकलीशी संबंध ती खुसखुशीत झाली आहे की नाही हे सांगण्यापुरता. ते मात्र मी एका दुपारी दहा-पंधरा वेळा, अगदी निःस्वार्थ बुद्धीने सांगत असे.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी सौ.ने भाजणी मळली, सोऱ्यात भरली आणि दांडा फिरवायला घेतला. तो फिरेना. मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "तेल लाव जरा."

"तेल सोऱ्याला नको आहे हो," ती म्हणाली.

तिचा आवाज ऐकून मी वर पाहिले. तिने दोन्ही हात ओट्यावर पालथे टेकले होते. बोटांच्या मुळांशी आणि मधल्या पेरांवर सूज होती. दोन्ही हातांना, आणि अगदी सारखी.

इथे वाचकांजवळ एक कबुली दिली पाहिजे. त्याच्या आधीचे दोन-तीन महिने सकाळी उठल्यावर तिला हातपाय मोकळे व्हायला तास-दीड तास लागत होता. चहाच्या पातेल्याला सांडशी लावता येत नव्हती. मी या सदरातून तुम्हांला हसवतो म्हणून चार लोक मला विनोदी समजतात. त्या नादात मीही स्वतःला तसेच समजतो. घरी पाहुणे आले असताना मी म्हणालो होतो, "आमच्याकडे हल्ली राणीसरकारांची स्वारी नऊच्या आत बाहेर पडत नाही." पाहुणे हसले. सौ.ही हसली. तिचे ते हसणे मला अजून आठवते.

दिवाळी झाल्यावर रक्त तपासले, हातांचे फोटो काढले आणि डॉक्टरांनी निदान केले : रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्या बोलीत आमवात. बावीस वर्षे मी मुलांना संधी शिकवतो. स्वरसंधी, व्यंजनसंधी, विसर्गसंधी. हा संधी माझ्या पुस्तकात नव्हता.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी गुळवेलीचा काढा आणला. वरच्या मजल्यावरचे नाना मोरावळ्याची बरणी घेऊन आले. मामेबहिणीने फोनवरून हळदीच्या दुधाची कृती सांगितली. प्रेम प्रत्येकाचे खरे होते, आणि प्रत्येकाचे वाक्यही एकच होते : "प्रतिकारशक्ती वाढवा, सगळे ठीक होईल."

मी हे वाक्य डॉक्टरांना ऐकवले. ते हसले आणि म्हणाले, "सर, वहिनींची प्रतिकारशक्ती कमी नाही. तिचा उत्साह जरा जास्तच झाला आहे. घरची माणसे आणि चोर यांतला फरकच तिला कळेनासा झाला आहे. हिला आणखी बळ दिलेत, तर ती मार कोणाला देणार?"

डॉक्टरांचा हा प्रश्न मी घरी आणला. आमची कन्या विज्ञान शाखेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. एरवी माझ्याशी तिचे बोलणे पॉकेटमनीच्या परिघात फिरते, पण त्या रात्री तिने जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी मला सांगा, अभंग आणि शिवी यांचे मूळ एक की दोन?"

मी म्हणालो, "वर्णमाला एक, शब्दकोश एक. कोणी कोणते पान उघडतो एवढाच फरक."

"मग तुम्हांला अर्धे कळलेच," ती म्हणाली. आणि उरलेले अर्धे तिने मला पुढच्या कित्येक रात्री शिकवले. ते मला जसे उमगले तसे इथे मांडतो.

आपल्या शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत तोच एक ग्रंथ असतो. डीएनए त्याचे नाव. आईकडून सुमारे ३ अब्ज अक्षरे, वडिलांकडून तितकीच. प्रथिने कशी तयार करायची ते सांगणारी वीस हजारांच्या आसपास प्रकरणे त्यात आहेत. त्यांना जनुके म्हणतात. एका पेशीतला हा धागा सरळ केला तर सहा फुटांच्या वर भरेल. तो गुंडाळीवर गुंडाळी घालून एवढ्याशा केंद्रकात बसवलेला असतो. डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यातला ग्रंथ एकच. पण डोळ्याची पेशी यकृताची प्रकरणे उघडत नाही. कोणते पान उघडायचे, कोणते मिटून ठेवायचे, कोणते शिवून टाकायचे, याची जी व्यवस्था आहे तिला जनुकांचे नियमन म्हणतात. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनी या ग्रंथाच्या एका छोट्या भागात स्वतःपुरती काटछाट केलेली असते, हे खरे. पण ग्रंथ तोच.

आता दाह कसा होतो ते पाहा. बोटात काटा गेला की जागा लाल होते, तापते, सुजते, दुखते. हा दाह शत्रू नव्हे. तो पहारेकऱ्यांचा आरडाओरडा आहे. पेशीच्या आत एक प्रथिन असते, ते दाहाची पाने उघडते. १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधले. एनएफ-कप्पा-बी असे त्याचे परीक्षेत न लिहिता येणारे नाव आहे. एरवी ते केंद्रकाच्या बाहेर, कडी लावून बसवलेले असते. संकटाची खबर आली की कडी मोडते, ते आत शिरते आणि दाहाची पाने भराभर उघडते. गंमत अशी की, ते जी पाने उघडते त्यांतच नवी कडी कशी घडवायची तेही पान असते. म्हणजे आग पेटवण्याच्या हुकमाखालीच पाण्याच्या बादल्या भरण्याचा हुकूम लिहिलेला. निसर्गाची ही दूरदृष्टी ऐकून मी जेवायचा थांबलो. सौ. म्हणाली, "आमटी गार होतेय."

पण एकेका पेशीतली कडी पुरत नाही. पहारेकऱ्यांचा जमाव खवळला की त्याला आवरायला कोणीतरी लागते. आमच्या लहानपणी वाड्यात वडिलांची एक विधवा आत्या होती. चुलत्या-पुतण्यांची भांडणे रंगात आली की ती माजघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राही आणि एकच शब्द बोले, "पुरे." तिच्या हातात ना काठी, ना इस्टेट. तरी भांडण थांबे. ती गेल्यानंतर तीन वर्षांत वाड्याच्या वाटण्या झाल्या.

शरीरात अशी आत्या आहे का, यावर शास्त्रज्ञांचे बरेच वाद झाले. १९७०च्या सुमारास 'दडपणाऱ्या' टी पेशी असाव्यात अशी कल्पना निघाली, गाजली, आणि पुरावे टिकेनात म्हणून पुढच्या दशकात पार बदनाम झाली. त्या शब्दाचे नाव काढले तरी लोक तोंड फिरवू लागले. जपानमध्ये शिमोन साकागुची नावाचे एक संशोधक मात्र त्या वाटेने चालत राहिले.

त्यांना एका जुन्या प्रयोगाने पछाडले होते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. मराठी विश्वकोशात तिला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हटले आहे. तारुण्यानंतर ती आटत जाते म्हणून. (एवढे सुंदर नाव माझ्या नजरेतून इतकी वर्षे कसे सुटले, याची मला मराठीचा प्राध्यापक म्हणून लाज वाटली.) टी पेशींचे शिक्षण याच शाळेत होते. उंदराच्या पिल्लाची ही ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तर पेशी कमी पडून ते दुबळे होईल असे कोणालाही वाटेल. पण १९६९ साली जपानी संशोधकांना दिसले ते वेगळेच : मादी पिल्लांची बीजांडकोशेच नष्ट झाली. पुढे कळले की, त्यांच्याच पेशींनी त्यांच्यावर हल्ला चढवला होता. साकागुची यांनी अशा पिल्लांना निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या, आणि हल्ला टळला. म्हणजे निरोगी उंदराच्या टी पेशींत 'पुरे' म्हणणारे कोणीतरी नक्की होते. तिसऱ्या दिवसापर्यंत मारामारी करणारे शाळेतून बाहेर पडले होते. आवरणारे अजून वर्गातच होते.

ते कोण, हे १९९५ साली त्यांनी दाखवून दिले. मदतनीस टी पेशींमध्ये शंभरातल्या पाच-दहा पेशींच्या अंगावर एक खास खूण असते. त्या काढून घेतल्या की घरभर भांडण. परत दिल्या की शांतता. आता त्यांना 'नियामक' पेशी म्हणतात. 'दडपणाऱ्या' जाऊन 'नियामक' हा शब्द आला तेव्हा कुठे लोक ऐकायला बसले. शब्द बदलला की माणसाचे कानही बदलतात, हे मी वर्गात सांगतोच.

कथेचा दुसरा धागा अमेरिकेतला आहे. टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथील प्रयोगशाळेत १९४९ साली उंदरांची काही नर पिल्ले जन्माला आली, ती खरजुल्या कातडीची. प्लीहा आणि गाठी सुजलेल्या. काही आठवड्यांत मरत. कारण कळेना. वंश मात्र जपून ठेवला गेला. पुढे मेरी ब्रुंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल या दोघांनी एका औषध कंपनीत काम करताना याचा पिच्छा पुरवला. एक्स गुणसूत्रावर सुमारे ५ लाख अक्षरांच्या टापूत चूक असणार, इथपर्यंत ते आले. त्या टापूत २० जनुके. एकेक तपासत गेले. एकोणीस निर्दोष निघाली. चूक होती विसाव्यात. हे जनुक तोवर कोणाला ठाऊकही नव्हते. २००१ साली त्यांनी ते जाहीर केले. त्याचे नाव फॉक्स-पी-३.

आणि चूक कोणती? दोन अक्षरे जास्त पडली होती. केवळ दोन. पण डीएनएची लिपी तीन-तीन अक्षरांच्या गटाने वाचली जाते. 'कमळ बदक गवत' या ओळीत कमळानंतर 'रत' एवढी दोन अक्षरे चुकून घुसली, तर पुढची सगळी ओळ 'कमळ रतब दकग वत' अशी होईल. तीस वर्षांच्या अनुभवी परीक्षकालाही तिचा अर्थ लागायचा नाही. पेशीलाही लागत नाही. माणसांतही या जनुकात चूक घेऊन काही मुलगे जन्माला येतात. तान्हेपणीच त्यांना अतिसार, मधुमेह आणि कातडीचे विकार एकदम जडतात. मुलींना हा आजार सहसा होत नाही, कारण त्यांच्याकडे एक्स गुणसूत्राची दुसरी प्रत असते.

दोन धागे २००३ साली जुळले. फॉक्स-पी-३ हेच नियामक पेशींच्या वागण्याचे मुख्य सूत्र आहे, असे साकागुची यांच्यासह आणखी काही गटांनी सिद्ध केले. साध्या टी पेशीत हे जनुक घातले तर तीही आवरण्याचे काम करू लागते. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन केंद्रकात बसून ग्रंथाची काही पाने उघडते आणि काही मिटते. इंटरल्यूकिन-२ हे टी पेशींना वाढवणारे इंधन. त्याचे पान ते आपल्या पेशीपुरते मिटते, पण तेच इंधन पकडणारी खूण मात्र भरपूर तयार करवते. म्हणजे आपली चूल पेटवायची नाही, आणि दुसऱ्याच्या चुलीतली लाकडे ओढून घ्यायची. आमची आत्या नेमके हेच करी. दोन्हीकडचे ऐकून घ्यायची, आणि तिकडचे इकडे सांगायची नाही.

मी कन्येला विचारले, "पण हे पान वाऱ्याने मिटले तर?"

ती म्हणाली, "बाबा, तोच तर प्रश्न आहे." साध्या टी पेशीत या जनुकाच्या एका भागावर रासायनिक शिक्के मारलेले असतात, पान बंद ठेवणारे. नियामक पेशीत ते शिक्के पुसून टाकलेले असतात, म्हणून तिच्या लेकीबाळींतही पान उघडेच राहते. संस्कार म्हणतात तो असा. पण २००७ साली उंदरांवर प्रयोग झाले. वयात आलेल्या नियामक पेशींतून हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्या आवरायचे विसरल्याच, शिवाय स्वतःच दाह पेटवणारी रसायने सोडू लागल्या. शांत माणूस शांत असतो तो कुठलेतरी पान रोज उघडे ठेवतो म्हणून. हे वाक्य माझे आहे, कन्येचे नव्हे. तिने ते वहीत लिहू दिले नाही.

६ ऑक्टोबर २०२५ रोजी ब्रुंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ब्रुंकावबाईंनी पहाटे स्वीडनचा फोन पाहिला आणि कोणीतरी फसवतो आहे असे समजून त्या परत झोपल्या. रॅम्सडेल डोंगरात भटकत होते, फोन बंद. त्यांची बायको एकाएकी ओरडली तेव्हा त्यांना अस्वल आले असे वाटले. सौ.ला हा प्रसंग फार आवडला. "बायको ओरडली की आधी अस्वल शोधतात, कारण विचारत नाहीत, सगळीकडे सारखेच," ती म्हणाली.

तिच्या दुखण्यात दोष एकट्या या पेशींचा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो, बाहेरची कारणेही असतात, आणि हा रोग बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक होतो. पण औषधे कशी चालतात ते आता मला कळते. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये याच रोगाने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन दिले आणि ती थोड्या दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यावर नोबेल मिळाले. ते औषध केंद्रकात जाऊन दाहाची पानेच मिटवते, हे पुढे कळले. आणि दुसरी बरीच पानेही ते ढवळते, म्हणून ते मनाने घ्यायचे नसते, तसेच मनाने एकदम सोडायचेही नसते. पुढे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी यांनी टीएनएफ या एकाच दाहक रसायनाला अडवून पाहिले. १९९२ साली ते औषध याच रोगाच्या माणसांना प्रथम दिले गेले, आणि हजारो हातांची बोटे वाकडी व्हायची वाचली. आज नियामक पेशी बाहेर वाढवून रोग्याला परत देण्याचे प्रयोगही चालू आहेत.

आमच्याकडे सध्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या आहेत. आठवड्यातून एकदाच, रोज घेतल्या तर जिवावर बेततात. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात दर मंगळवारी मी लाल पेन्सिलीने गोल काढतो. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचे. सूज पुष्कळ उतरली आहे. सकाळचा तास-दीड तास आता वीस मिनिटांवर आला आहे. ती वीस मिनिटे चहा मी करतो. साखर अजून कमीजास्त होते.

त्या पाहुण्यांसमोरच्या विनोदाबद्दल मी एकदा तिच्याजवळ विषय काढला. ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "तेव्हा राग नाही आला. मलाच वाटत होतं, आपण आळशी झालो की काय." मला वाटले, त्यापेक्षा ती रागावली असती तर बरे झाले असते. दुखणे हाताला होते, आणि तिने सगळा हल्ला स्वतःवरच चढवला होता. घरात 'पुरे' म्हणायला कोणीतरी हवे होते. मी होतो, पण वर्तमानपत्र वाचत होतो.

या वर्षी भाजणी तिने केली, मळलीही तिनेच, मात्र थोडी थोडी, थांबत थांबत. सोऱ्या मी घेतला. दांडा फिरवायला माझे मनगट, धरायला कन्येचे. पहिल्या चकलीचे टोक सुटले, दुसरी अर्ध्यात तुटली, तिसरी कशीबशी गोल आली. सौ. स्टुलावर बसून हात मांडीवर ठेवून पाहत होती. प्रत्येक चकलीचे तीन वेढे झाले की ती म्हणायची, "पुरे." माझा हात थांबायचा. मी टोक दाबायचो. आणि मग पुढची.

डबा अर्धा भरला आहे. चकल्या कशा झाल्या आहेत हे या वर्षी मला कोणी विचारलेले नाही. चव घेऊन सांगण्याचे काम सौ.ने स्वतःकडे घेतले आहे.